तास मोजून काय कळणार?

मुलाच्या व्हिडिओ गेम खेळण्याची काळजी वाटणाऱ्या एका दादांच्या प्रश्नावर ‘रोज दोन तासांच्या वर गेम खेळला की मन बिघडतं’ असा निकष कुणीतरी दिलाय, तो मला पटत नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2022 मध्ये सात गेम्सच्या जवळपास 39 हजार खेळाडूंचा अभ्यास छापला. खेळलेला वेळ खेळाडूंना विचारून नव्हे, तर थेट कंपन्यांच्या नोंदींतून घेतला होता. तासांचा समाधानावर परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. फरक होता तो कारणांत. आवडतं म्हणून खेळणारे बरे होते, ‘खेळायलाच हवं’ या दडपणाखाली खेळणारे तितकेसे नाहीत.

गोव्यात फोंड्याला माझा भाचा रात्री हेडफोन लावून पुण्याला शिकायला गेलेल्या मित्रांबरोबर खेळतो. अर्धा वेळ नुसत्या गजाली, म्हणजे गप्पा. त्याच्या आईला पोरगं वाया गेल्यासारखं वाटतं, मला नाही वाटत.

मला खटकतात त्या गेममधल्या, पैसे टाकून उघडायच्या बक्षिसांच्या पेट्या. आत काय निघेल ते आधी कळत नाही, म्हणून हात थांबत नाही. पणजीच्या मांडवी नदीतल्या कॅसिनोंच्या स्लॉट मशीनचीही युक्ती हीच. तिथे गोमंतकीयांना खेळायला बंदी, फोनवरच्या गेममध्ये मात्र या पेट्या सर्रास!

जागतिक आरोग्य संघटनेनेही गेमिंगचा विकार ठरवताना तासांची मर्यादा घातलेली नाही. ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसूनही न थांबणं आणि हे साधारण वर्षभर चालणं, अशा खुणा दिल्या आहेत. तेव्हा दादा, मुलाची झोप, जेवण, संध्याकाळचा फुटबॉल चालू आहे का, ते आधी सांगा.