अण्णांच्या नाडीचा ठेका चुकतोय, पण ईसीजी नॉर्मल आहे. हॉल्टर (अंगावर लावून सतत ठोके नोंदवणारं छोटं मशीन) लावावं का?

आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो. अण्णा (वडील, वय ६७) दिंडोरीजवळ द्राक्षबाग बघतात.

रविवारी ते घरी आले होते. सहज बीपी मोजलं तर मशीनवर हृदयाचं बारीक चिन्ह लुकलुकायला लागलं. मला वाटलं, सेल गेले. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. मग मनगट धरून पूर्ण मिनिटभर नाडी बघितली. ठोके ८८ होते, आकड्यात काही वावगं नाही. पण दोन ठोके घाईघाईने, मग रिकामी जागा, मग एक जोरात, मग तीन हलके. एखादा ठोका चुकला असता तर मी सोडून दिलं असतं, इथे ठेकाच नव्हता. पाऊण तासाने आपोआप सुरळीत झालं.

सोमवारी ईसीजी काढला, नॉर्मल. पित्त आणि दगदग असेल, डॉक्टर म्हणाले. पण ईसीजीची पट्टी जेमतेम दहा सेकंदांची, तीही नाडी नीट चालू असताना काढलेली. रविवारचं त्यात कसं दिसणार? अण्णा छातीत दुखत नाही म्हणतात. खोदून विचारल्यावर मात्र बोलले, "फवारणीचा पाइप ओढताना महिनाभर धाप लागतेय. वय झालं आता." तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरत राहिले तर रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर लकवा, एवढं मला माहीत आहे.

हॉल्टर २४ तासांचं पुरतं का? ते लावून बागेत जाऊ द्यावं का? आणि "छाटणी उरकू दे, मग बघू" म्हणणाऱ्या माणसाला तयार कसं करायचं?

प्रतिसाद: ताई, छाटणीपर्यंत थांबू नका. माझ्या आईच्या २४ तासांत काहीच सापडलं नव्हतं, आठवडाभराचं लावलं तेव्हा पाचव्या रात्री सापडलं. बागेत जाऊ द्या, रोजच्यासारखंच वागायचं असतं, फक्त मशीन भिजू द्यायचं नाही. धडधड झाली की वेळ लिहून ठेवायची. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), थायरॉइड आणि पोटॅशियमच्या रक्ततपासणीबद्दलही विचारा. रक्त पातळ करायची गोळी मनाने देऊ नका. पुन्हा तसं सुरू झालं तर त्याच वेळी ईसीजी काढा. आणि छातीत दुखलं, शुद्ध हरपली, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं तर सरळ १०८.

धागाकर्ती: आज सकाळी पुन्हा सुरू झालं. अण्णांचीच बोटं त्यांच्या मनगटावर ठेवली. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग उठून चप्पल घातली. ईसीजीला निघालोय, रिक्षातून लिहितेय.