मदत हवी आहे: ग्वाकामोलेत एसएसएच चालतं, विंडोजचा डेस्कटॉप मात्र उघडत नाही

नमस्कार मंडळी,

ऑफिसातले विंडोज पीसी स्टाफला घरून वापरायचे असतात, मुख्यतः टॅलीसाठी. आधी कोणीतरी राउटरवर आरडीपीचा (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा) ३३८९ पोर्ट थेट जगाला उघडा करून ठेवला होता. तो आल्या आल्या बंद केला. आता डेबियन १२ च्या सर्व्हरवर अपाचे ग्वाकामोले १.५.५ बसवतोय, म्हणजे घरच्या लॅपटॉपवर काही टाकायला नको, ब्राउझर असला की झालं.

ग्वाकडी (मागे राहून कनेक्शन जोडणारी ग्वाकामोलेची सर्व्हिस) सोर्सवरून कंपाइल केलं. ग्वाकामोलेचा वेब भाग चालवणाऱ्या टॉमकॅटने थोडा घाम काढला. डेबियन १२ सोबत टॉमकॅट १० येतो आणि त्यात वॉर फाइल (वेब भागाचं पॅकेज) टाकली की नुसतं ४०४. टॉमकॅट १० जावाएक्स ही जुनी जावा पॅकेज-नावं सोडून नव्या जकार्तावर गेलाय, ग्वाकामोले अजून जावाएक्सवरच आहे. शेवटी टॉमकॅट ९ वेगळा उतरवून लावला.

आता लॉगिन होतं. त्याच सर्व्हरचं एसएसएच (दुरून चालणारं टर्मिनल) ब्राउझरमध्ये झकास चालतं. आरडीपीवर क्लिक केलं की मात्र क्षणभर काळा पडदा आणि लगेच कनेक्शन तुटल्याचा चौकोन. नाव-पासवर्ड बरोबर आहेत, तेच रेमिनात (दुसऱ्या रिमोट डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये) टाकले की पीसी उघडतो. सर्टिफिकेट दुर्लक्षित करायची टिक केलीय, सिक्युरिटी एनएलए (डेस्कटॉप उघडण्याआधीच लॉगिन तपासणारी) ठेवलीय.

गंमत म्हणजे सर्व्हिस थांबवून रूटने (सगळे अधिकार असलेल्या यूजरने) टर्मिनलवर ग्वाकडी चालवलं की डेस्कटॉप व्यवस्थित दिसतो! परत सर्व्हिस सुरू केली की पहिले पाढे पंचावन्न. कोणाला अनुभव आहे का?

प्रतिसाद १

रूटने चालतं आणि सर्व्हिसने नाही, यातच उत्तर आहे. कंपाइल करताना जी सिस्टिमडी युनिट फाइल (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणारी) मिळते, त्यात ग्वाकडी 'डेमन' या यूजरने चालतं. डेबियनवर या यूजरचं होम आहे /यूएसआर/एसबिन, आणि तिथे त्याला लिहायची परवानगी नाही. आरडीपीचं काम करणाऱ्या फ्रीआरडीपी लायब्ररीला सेटिंग आणि सर्टिफिकेटं ठेवायला होम लागतं. ते मिळालं नाही की ती सुरूच होत नाही. एसएसएचला ही लायब्ररी लागत नाही, म्हणून ते बिनबोभाट चालतं.

जर्नलमध्ये (सिस्टिमच्या लॉगमध्ये) ग्वाकडीच्या ओळी बघा. होम डिरेक्टरीत लिहिता येत नाही अशी चेतावणी असणार.

उपाय: 'ग्वाकडी' नावाचा वेगळा सिस्टिम यूजर करा, होम द्या /व्हार/लिब/ग्वाकडी, मालकी त्याचीच, शेल नोलॉगिन. मग 'सिस्टिमसीटीएल एडिट'ने ओव्हरराइडमध्ये यूजर बदला आणि रीस्टार्ट. मूळ युनिट फाइलला हात लावू नका, पुढच्या इन्स्टॉलमध्ये बदल उडून जातील. आणि चालतंय म्हणून रूटवरच सोडून देऊ नका, कृपया.

धागाकर्ता

दादा, ती चेतावणी तश्शीच होती, डोळ्यांसमोर असून दिसली नाही. यूजर बदलला, सगळे पीसी उघडले. मनापासून आभार!

आता दोन छोट्या गोष्टी. टॉमकॅटच्या पुढे प्रॉक्सी म्हणून लावलेल्या एन्जिनएक्समधून आलं की माउस रेंगाळतो, थेट टॉमकॅटच्या ८०८० पोर्टवर गेलं तर नाही. आणि घरच्या लॅपटॉपवर इनस्क्रिप्ट लावून मराठी पत्र टाइप केलं तर वर्डमध्ये काहीच उमटत नाही.

प्रतिसाद २

माउसचं कारण बहुतेक वेबसॉकेट (ब्राउझर आणि सर्व्हरमधलं सतत उघडं राहणारं कनेक्शन). एन्जिनएक्स ते आपणहून पुढे देत नाही, मग ग्वाकामोले साध्या एचटीटीपीवर भागवतं आणि जड होतं. लोकेशन ब्लॉकमध्ये प्रॉक्सीची एचटीटीपी आवृत्ती १.१ करा, अपग्रेड आणि कनेक्शन हे हेडर पुढे द्या, बफरिंग बंद करा.

मराठीसाठी कनेक्शनच्या सेटिंगमध्ये कीबोर्ड लेआउट 'फेलसेफ' करून बघा. तो कळ कुठली दाबली ते न पाठवता थेट युनिकोड अक्षर पाठवतो. सगळ्याच प्रोग्रॅमना ते पचतं असं नाही, म्हणून टॅलीसाठी नेहमीच्या लेआउटचं दुसरं कनेक्शन ठेवा.

डेटाबेस वापरत असाल तर 'ग्वाकअ‍ॅडमिन' हे नाव आणि तोच पासवर्ड अजून तसाच आहे का ते आत्ताच बघा. इंटरनेटवर ठेवणार असाल तर टीओटीपीचं (लॉगिनला वेळेनुसार बदलणारा कोड मागणारं) एक्स्टेन्शनही टाका. ८०८० आणि ग्वाकडीचा ४८२२ हे पोर्ट बाहेरून दिसता कामा नयेत, फक्त एचटीटीपीएसचा ४४३ उघडा. टॉमकॅटला लोकलहोस्टवर बांधलं की थेट ८०८० वर जाणंही आपसूक बंद होईल.