'भोचक' नव्हे, मग काय म्हणायचं?

मी डावखुरी आहे. परवा रांगेत बसून एक फॉर्म भरत होते तर शेजारच्या खुर्चीवरचे एक अनोळखी काका बराच वेळ माझ्या हाताकडे बघत होते, शेवटी न राहवून म्हणाले, "राग येणार नसेल तर एक विचारू? असं लिहिताना शाई पुसली जात नाही का?" मी सांगितलं सगळं, की जाते ना, आपण डावीकडून उजवीकडे लिहितो त्यामुळे डावा हात ओल्या अक्षरांवरूनच पुढे सरकतो, जेल पेन असलं तर करंगळीची कड निळी होते, म्हणून मी कागद तिरका धरते आणि हात ओळीच्या खाली ठेवते. पाचेक मिनिटं बोललो असू. बरोबर बहीण होती, ती नंतर म्हणाली, "कशाला त्या भोचक माणसाला एवढं सांगत बसलीस?"

मला तो शब्द लागला. ते भोचक नव्हते हो. पण मग अशा माणसाला काय म्हणायचं? 'जिज्ञासू' म्हटलं की पोथी उघडल्यासारखं वाटतं.

---

'चौकस' म्हणा की! अगदी याच माणसासाठी आहे तो शब्द. भोचकाला तुमचा पगार, तुमचं लग्न, तुमच्या घरात कोणाचं कोणाशी पटत नाही हे हवं असतं, चौकस माणसाला ती गोष्ट चालते कशी हे हवं असतं. काकांनी तुमचं नावसुद्धा विचारलं नाही, शाईचं विचारलं.

गंमत अशी की त्याच 'चौकस'वरची 'चौकशी' मात्र भलतीकडे गेली. बघा, 'आजीच्या तब्येतीची चौकशी केली' यात माया आहे, 'मुलाबद्दल चौकशी केली' म्हटलं की कुठेतरी लग्न जमतंय, आणि 'त्याची चौकशी झाली' म्हटलं की पोटात गोळा. एकच शब्द, फक्त 'ची' आणि 'बद्दल' इकडचे तिकडे. म्हणून 'काकांनी माझी चौकशी केली' असं लिहू नका, वेगळाच अर्थ निघेल.

जिज्ञासेबद्दल थोडं. 'ज्ञा' म्हणजे जाणणं, त्याचं इच्छा दाखवणारं रूप जिज्ञासा, जाणून घ्यायची इच्छा. 'पा'वरून पिपासा झाली तशीच. शुश्रूषा पण त्याच घरातली, मूळ अर्थ ऐकायची इच्छा! मग जो मन लावून ऐकतो तो सेवाही करतो, असं करत करत आपल्याकडे ती आजाऱ्याच्या उशाशी येऊन बसली. मला हा प्रवास फार आवडतो. तर जिज्ञासेत तहान आहे, ती पुरी झाल्याशिवाय माणूस उठत नाही. कुतूहल हलकं असतं, क्षणात येतं आणि उत्तर मिळालं की शांत होतं. (आणि ते 'कुतूहल' आहे, तू दीर्घ, 'कुतुहल' नाही, सगळीकडे चुकीचं दिसतं म्हणून सांगतोय.) उत्सुकता तिसरीच, ती पुढे होणाऱ्या गोष्टीची असते, निकालाची उत्सुकता. शाईबद्दल कुतूहलच.

अजून एक, अशा वेळी कोणीतरी 'चांभारचौकशा' म्हणतंच. नका वापरू तो. एका जातीच्या नावावर उगाच नको ते चिकटवलंय त्यात.

---

'शाई पुसली जात नाही का' हे त्यांनी पुसलं 🙂 यावर कोणीच काही म्हटलं नाही म्हणून माझी भर. हे दोन पुसणे वेगळे आहेत. विचारणं या अर्थाचं पुसणे संस्कृत 'प्रच्छ्'कडून आलं, प्रश्न आणि पृच्छा तिथलेच, हिंदीतलं पूछनाही. फडक्याने पुसणे दुसऱ्याच धातूवरून आलं आणि झिजत झिजत दोघांचे उच्चार एक झाले. ज्ञानेश्वरीत (शके १२१२) 'भाष्यकारांतें वाट पुसतु' आहे, तिथे वाट विचारतोय. आता रोजच्या बोलण्यात ते पुसणे फारसं उरलं नाही, पण 'विचारपूस'मध्ये आहे आणि 'मला कोण पुसतंय' मध्येही.

'विचारणे' हेही बघण्यासारखं आहे. हिंदीत विचारना म्हणजे विचार करणं, आपल्याकडे प्रश्न करणं.

---

चौकस मला नाही पटत. चौकस हा स्वभाव झाला, 'मुलगा चौकस आहे' असं आपण म्हणतो. काका एरवी कसे आहेत कोणाला माहीत, त्यांनी त्या वेळी एक प्रश्न विचारला एवढंच. अशा वेळी मराठी माणूस म्हणतो 'सहज विचारलं'. सहज म्हणजे सह-ज, सोबत जन्मलेलं, आतून आपोआप आलेलं. हाच शब्द हवा. फक्त आपण तो इतका वापरून घेतलाय की 'सहज विचारतेय हं' ऐकलं की पुढे सगळ्यात नको असलेला प्रश्न येणार हे कळतं, मला तरी वाईट वाटतं त्याचं.

आणि उत्तराचं पण बोला कोणीतरी. तुम्ही काकांना 'उत्तर' दिलंत, 'जबाब' नाही. जबाब मूळ अरबी, अर्थ उत्तरच, पण आपल्याकडे जबाब नोंदवून घेतात, आणि तो द्यावाच लागतो तो 'जबाबदार'. उत्तर म्हणजे नंतरचं, उत्तरार्धातलं उत्तर तेच. प्रश्नानंतर येतं ते. अनोळखी माणसाला आपण काही देणं लागत नसतो, तरी सांगतो, आणि त्याचं 'समाधान' होतं. शंकेचं निरसन आणि मनाची तृप्ती, दोन्हीला एकच शब्द. तुमच्या बहिणीला हे सांगा.

---

सांगितलं तिला. म्हणाली चौकस चालेल. मला स्वतःला 'सहज'च पटलं.

एक लिहायचं राहिलं होतं. उठताना काकांनी अजून एक विचारलं होतं, "मग उर्दू लिहायला तुम्हाला सोपं जाईल ना, ती उजवीकडून लिहितात." त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. उर्दू मला येत नाही, म्हणून रात्री जेल पेन घेतलं आणि नुसत्याच गोल गोल वेलांट्या उजवीकडून काढत गेले, अख्खी ओळ. करंगळी कोरी राहिली. त्यांचा नंबर घ्यायला हवा होता.