सुट्टीतल्या बायबल वर्गासाठी हातांच्या ठशांचे प्राणी (सोसायटी ग्रुप, फतेगंज, बडोदा)

ए-२०३: शनिवारी क्लब हाऊसमध्ये मुलांचा बायबल वर्ग आहे. ३ ते ९ वर्षांची १४ मुलं. हातांच्या ठशांचे प्राणी करायचे आहेत. ॲक्रिलिक रंग आणू का?

सी-४०१: नको ताई, ॲक्रिलिक वाळला की कपड्यावरून निघत नाही. साधे पोस्टर कलर घ्या. श्रीखंडापेक्षा जरा सैल ठेवा. मठ्ठ्यासारखा पातळ झाला तर बोटांमधून ओघळतो. चार चमचे रंगात दोन थेंब भांड्यांचं लिक्विड घातलं की हात पटकन धुतले जातात.

बी-१०४: ताटलीत हात बुडवू देऊ नका, रंग जास्त लागतो आणि ठसा घसरतो. स्पंजच्या तुकड्याने लावा. ब्रशने लहानांना गुदगुल्या होतात, मूठ मिटते.

ए-२०३: काकू, तळव्याचा मधला भाग उमटतच नाही.

बी-१०४: तळवा मधे खोलगट असतो ना! कागदाखाली चार घड्यांचा नॅपकिन ठेवा. हात टेकला की मोठ्यांनी वरून एकेक बोट दाबायचं, मग कागद धरून हात सरळ वर. आणि ठसा घेईपर्यंत पंखा बंद. बडोद्याच्या मे महिन्यात तळव्यावरचा रंग बघता बघता सुकतो.

सी-४०१: प्राणी गोष्टीतूनच निवडा. नोहाच्या तारवासाठी, म्हणजे महापुरात प्राण्यांच्या जोड्या वाचवणाऱ्या जहाजासाठी, एकाच मुलाचे दोन्ही हात घ्या, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. कागद उलटा फिरवला की बोटं पाय होतात, अंगठे समोरासमोर येतात, जोडी तयार! हत्ती असेल तर अंगठा सोंड. कबुतर निळ्या कार्डशीटवर करा, पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही. मोठ्या मुलांकडून आधी काळा कावळा करून घ्या, बायबलच्या उत्पत्ती पुस्तकात, ८व्या अध्यायात, पूर ओसरताना नोहा तारवातून पहिल्यांदा त्यालाच सोडतो, मग कबुतराला. कबुतराच्या चोचीतलं जैतुनाचं (ऑलिव्हचं) पान बारीक, लांबट, डाळिंबाच्या पानासारखं काढा.

डी-३०२: माशाने गिळलेल्या योनाच्या गोष्टीसाठी देवमासा करू या का?

सी-४०१: भाऊ, योनाच्या पुस्तकात 'मोठा मासा' एवढंच आहे. डोक्यावर पाण्याचा फवारा नको. हात आडवा ठेवा, तळवा धड, फाकलेली बोटं शेपटी, अंगठा वरचा पर.

बी-१०४: सिंहांच्या गुहेत टाकलेल्या दानीएलच्या गोष्टीतल्या सिंहाला दात काढू नका हं. दानीएलच्या पुस्तकात ६व्या अध्यायात देवदूत सिंहांची तोंडं बंद करतो, मुलांना तेच दाखवायचं आहे. पिवळा तळवा, भोवती नारिंगी बोटांची आयाळ. पिवळा आधी, तो वाळल्यावर नारिंगी, नाहीतर सगळा चिखल होतो.

डी-३०२: डोळे चिकटवायचे आणू?

बी-१०४: ३ वर्षांची मुलं तोंडात घालतात. काळ्या मार्करने काढा, तेही रंग पूर्ण वाळल्यावर. ओल्या रंगात मार्करचं टोक तुंबतं. अर्धा तास दोरीवर चिमट्याने लटकवा, एकावर एक ठेवू नका. मुलांची नावं आधीच मागे पेन्सिलीने लिहा.

ए-२०३: हरवलेल्या मेंढराच्या गोष्टीला मात्र १०० मेंढरं लागतील. एवढे ठसे कसे घेऊ?

सी-४०१: ही गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात १५व्या अध्यायात आहे. त्यातली न हरवलेली ९९ बोटांच्या टोकांनी करा, एका मोठ्या हिरव्या शीटवर. १४ मुलांनी प्रत्येकी ७, झाली ९८, एक तुमचं. पाय आणि तोंड मार्करने. हरवलेलं शंभरावं दूरच्या कोपऱ्यात, अख्ख्या हाताचं, वर फेविकॉलने कापूस. तो हात वर्गातल्या सगळ्यात छोट्याचा घ्या.