फास्टर फेणेवर बेतलेला फुलीटाक्याचा नमुना स्वतः कसा आखावा?

सुईदोरा

नमस्कार. येत्या जानेवारीत माझा धाकटा भाऊ चाळीस वर्षांचा होत आहे. शाळेत असताना भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने त्याला असे झपाटले होते की, जेवायला हाक मारली तरी आतल्या खोलीतून उत्तरादाखल फेणेचे ‘ट्टॉक्’ एवढेच ऐकू यायचे. आजही फोनवर एखादी बातमी मनासारखी निघाली की तो तोच आवाज काढतो. या वेडाची आठवण म्हणून फुलीटाक्याने (क्रॉस स्टिचने) भरलेली एक लहानशी चौकट त्याला भेट द्यावी, असे मनात आहे.

मॅटीवर, म्हणजे घरे मोजून भरायच्या कापडावर, अभ्रे, तोरणे, टेबलावरचे रुमाल मी बऱ्यापैकी केले आहेत. परंतु ते सगळे पुस्तकातले तयार नमुने घर मोजून उतरवलेले आहेत. स्वतः नमुना आखण्याची ही पहिलीच वेळ आहे. सुरुवातीला मी सोपा मार्ग धरला आणि घरातल्या जुन्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाचे छायाचित्र काढून ते नमुना बनवून देणाऱ्या एका संकेतस्थळावर चढवले. हाती आला तो १८० बाय २४० घरांचा, ६२ रंगांचा तक्ता. एकूण ४३,२०० फुल्या होतात. माझा वेग तासाला शंभराच्या आसपास आहे, म्हणजे ४३२ तास लागतील. आणि हाताशी तीन महिने आहेत, तेही नोकरी आणि स्वयंपाकघर सांभाळून. शिवाय चेहऱ्यावर एकेका फुलीचे इतके निरनिराळे रंग विखुरले आहेत की बन्याला, म्हणजे फास्टर फेणेला, गोवर उठल्यासारखे दिसते.

चित्र साधे कसे करावे, ‘ट्टॉक्’ हा शब्द घरांमध्ये कसा बसवावा आणि कापड कोणते घ्यावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. मुखपृष्ठावरून काही उतरवण्यासाठी परवानगी लागते का, हेही जाणून घ्यायचे आहे.

उसवण

६२ रंग ही तुमची चूक नव्हे, ती यंत्राची खोड आहे. छायाचित्रातली प्रत्येक सावली, कागदाचा पिवळेपणा, कोपऱ्यातला चहाचा डागसुद्धा ते यंत्र इमानदारीने रंग म्हणून मोजते. दोन रंगांमधली छटा दाखवण्यासाठी ते एकाआड एक वेगळ्या रंगाची घरे पेरते, आणि तीच तुम्हाला गोवरासारखी दिसत आहेत. भरतकाम करणाऱ्या आम्ही काही जणी त्यांना ‘चुरमुरे’ म्हणतो. अशा एकट्या फुलीसाठी दरवेळी सुई नव्याने ओवावी लागते, मागच्या बाजूला दोऱ्याची जळमटे साठतात, आणि एवढे करून चार हातांवरून ते चुरमुरे डोळ्यांना दिसतही नाहीत. रंगांची संख्या बारावर आणली आणि रंग पेरण्याची सोय बंद केली तर तक्ता पुष्कळ सुधारतो, पण मूळ अडचण त्याने सुटत नाही; ते दुसऱ्याने काढलेले चित्रच राहते.

मी तुमच्या जागी असते तर चेहरा काढलाच नसता. फास्टर फेणे म्हटल्यावर वाचकाला काय आठवते? फुरसुंगीचा किडकिडीत पोरगा, त्याची भरधाव सायकल आणि तो आवाज. यांपैकी सायकल ही फुलीटाक्यात उत्तम उतरते. वहीतल्या चौकोनी कागदावर पेन्सिल घेऊन बसा आणि आधी चाक काढा. व्यास नेहमी विषम संख्येचा धरावा, म्हणजे आसासाठी मधोमध एक घर मिळते. २१ घरांचे चाक असे उतरते: माथ्यावर आडवी ७ घरे, एक ओळ खाली उतरून २, मग पायरीसारखे एकेक घर तीनदा, मग उभी २ आणि उभी ७. येथे पाव चाक झाले. हेच चारही बाजूंना आरशासारखे उलटवले की गोल पुरा होतो, आणि मोजून पाहिले तर एका चाकाला अवघ्या ५६ फुल्या लागतात. आरे फुल्यांनी भरू नयेत, नाहीतर चाकाची चाळणी होते. ते एकपदरी दोऱ्याने बॅकस्टिचमध्ये, म्हणजे सलग रेघ दिसणाऱ्या उलट्या टाक्यात, घालावेत.

दोन चाकांच्या आसांमध्ये ३५ घरांचे अंतर ठेवले तर सायकल एकूण ५६ घरे रुंद होते, म्हणजे १४ काउंटच्या (इंचाला १४ घरे असलेल्या) कापडावर नेमकी ४ इंच. सायकल रिकामीच असू द्या आणि ती किंचित पुढे झुकलेली, पुढचे चाक जमिनीपासून दोन घरे वर उचललेले दाखवा. स्वार नुकताच कोठेतरी उडी मारून पळाला आहे, हे वाचणाऱ्याला आपोआप कळेल. रंग दोनच पुरेत: सायकल काळी आणि शब्द लाल. काळ्या दोऱ्यासाठी अँकर कंपनीचा ४०३ किंवा डीएमसी कंपनीचा ३१० हे क्रमांक सांगितले की दुकानात पुढे काही बोलावे लागत नाही.

पिक्सेलपंत

मी भरतकामाकडे व्हिडिओ गेमच्या वेडातून आलो, त्यामुळे माझा अनुभव थोडा निराळा आहे. पण ‘उसवण’ यांच्या मुद्द्याला त्यातून पुष्टीच मिळते. जुन्या गेममधली चित्रे मुळातच घरांमध्ये आखलेली होती, म्हणून एक पिक्सेल म्हणजे एक फुली इतका सरळ हिशेब मांडता येतो. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मधले परग्रहवासी केवळ ८ घरे उंच आणि प्रकाराप्रमाणे ८, ११ किंवा १२ घरे रुंद आहेत. माझी पहिली चौकट त्यांचीच होती आणि ती दोन रविवारांत झाली.

तुमच्या कामाला उपयोगी पडेल ती गोष्ट मात्र मारिओची आहे. १९८१ च्या ‘डाँकी काँग’साठी शिगेरू मियामोतो यांनी हे पात्र आखले तेव्हा हाताशी घरे इतकी थोडी होती की तोंड दाखवणे शक्य नव्हते, म्हणून नाकाखाली मिशी आली. केस नीट दाखवता येईनात, म्हणून टोपी आली. आणि पळताना हात धडापासून वेगळे दिसावेत म्हणून अंगावर वेगळ्या रंगाची डांगरी चढली. आज ज्या खुणांवरून जग त्याला ओळखते त्या सगळ्या घरांच्या टंचाईतून आलेल्या आहेत. त्यामुळे चेहरा वगळावा लागला याचे वाईट वाटून घेऊ नये.

सायकलीच्या सांगाड्याविषयी एक सूचना आहे. तिरप्या नळ्या काढताना उतार ठरावीक ठेवा: दर पायरीला एक घर आडवे आणि एक उभे, किंवा दोन आडवी आणि एक उभे. मधलाच कोणतातरी उतार धरला तर पायऱ्या कधी दोनाच्या, कधी तिनाच्या पडतात आणि नळी वाकलेली वाटते. माझ्या एका अंतराळयानाचा पंख अशाच हिशेबामुळे मोडल्यासारखा दिसतो, आणि पाहुणे नेमके त्याच पंखाबद्दल विचारतात.

काना_मात्रा

सायकलीचे काम मार्गी लागले आहे असे धरून मी अक्षरांकडे वळते. बाजारात मिळणारे अक्षरांचे तक्ते बहुतेक सारे रोमन लिपीचे असतात, आणि त्यांचा साचा देवनागरीला लावता येत नाही, कारण आपल्या अक्षराला शिरोरेषेच्या वरही घर लागते आणि खालीही. त्यातून तुम्ही निवडलेल्या शब्दात सगळी संकटे एकत्र आली आहेत: एकाखाली एक बसणारे जोडाक्षर, अर्धचंद्र आणि शेवटी पाय मोडलेला क.

उंचीचा हिशेब आधी करावा. शिरोरेषा २ घरे जाड धरावी. तिच्या वर अर्धचंद्रासाठी ४ घरे राखावीत. ट्ट मधले दोन्ही ट एकाखाली एक येणार असल्याने प्रत्येकाला ७ प्रमाणे शिरोरेषेखाली १४ घरे लागतात; याहून कमी दिली तर खालचा ट नुसती गाठ दिसतो. क ला मात्र १० घरे पुरतात, आणि उरलेल्या ४ घरांत त्याचा हलन्त तिरपा बसतो, त्यामुळे शब्दाची खालची रेघ दोन्ही टोकांना आपोआप सारखी येते. ही सोय मला कागदावर आखून पाहीपर्यंत सुचली नव्हती. एकूण उंची २० घरे झाली. रुंदीत ट्ट ला ८, नंतर ३ घरे मोकळी, कान्याला २, पुन्हा ३ मोकळी आणि क ला १२ दिली की बेरीज २८ होते, म्हणजे १४ काउंटवर बरोबर २ इंच, सायकलीच्या निम्मी रुंदी.

वळणांच्या बाबतीत दोन पथ्ये पाळावीत. एका घराच्या जाडीची तिरपी रेघ काढू नये, कारण त्या फुल्या फक्त कोपऱ्यांना टेकतात आणि रेघेऐवजी मण्यांची माळ दिसते. सायकलीच्या चाकाला ते शोभते, अक्षराला नाही. दुसरे असे की क च्या डाव्या पोकळीत निदान दोन बाय दोन घरे रिकामी राहिली पाहिजेत. कापडावर दोरा फुगतो, आणि कागदावर मोकळे दिसणारे एखादे घर प्रत्यक्षात बुजून जाते.

खाली भावाचे नाव घालणार असाल आणि त्यात ल किंवा श असेल, तर संगणकावरच्या टंकावरून उतरवताना सावध राहा, कारण अनेक टंकांमध्ये ही अक्षरे हिंदी वळणाची असतात. राज्य शासनाने २००९ मध्ये मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिले आहेत. पाकळीयुक्त ल घरांमध्ये काढायला जास्त जागा लागते हे खरे, परंतु फास्टर फेणेच्या खाली हिंदी ल मला तरी खुपेल.

उभा_आडवा

कापडाविषयी थोडक्यात लिहितो. वर सगळ्यांनी जो १४ काउंट गृहीत धरला आहे तो आयडा कापडाचा, म्हणजे इंचाला १४ घरे. वारावर मिळणारी मॅटी स्वस्त पडते, पण तिच्यात पुष्कळदा उभ्या आणि आडव्या सुतांची दाटी सारखी नसते. तोरणातल्या मोरांना त्याने काही बिघडत नाही; चाकाचा मात्र लंबगोल होतो. पट्टी ठेवून दोन्ही दिशांना ५ इंचांतली घरे मोजा. आकडे जुळले नाहीत तर ते कापड अभ्र्यासाठी ठेवून द्या आणि या कामाला आयडाच घ्या. नमुना ५६ बाय सुमारे ६२ घरांचा होईल असे दिसते. चौकटीसाठी चारही बाजूंना ३ इंच सोडून साडेदहा इंचांचा चौरस तुकडा पुरेल. चार घड्या घालून मध्य काढावा आणि तेथूनच सुरुवात करावी.

दोरा सहापदरी येतो. त्यातले दोनच पदर घ्यावेत आणि सुई २४ क्रमांकाची, बोथट टोकाची असावी. ८ मीटरच्या एका लडीत दोन पदरांनी मी १,५०० फुल्या धरतो, त्यामुळे तुम्हाला प्रत्येक रंगाची एकच लडी लागेल. लाल दोऱ्याचा एक वीतभर तुकडा आधी ओल्या पांढऱ्या कापडात दाबून ठेवा. मी एकदा ही तपासणी टाळली आणि शेवटच्या धुण्यात सगळ्या पांढऱ्या कापडाला गुलाबी झाक आली. त्या चौकटीला आता घरात ‘सूर्यास्त’ म्हणतात.

कागदपत्री

परवानगीच्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे. भारतातल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठीच्या उचित उपयोगाला मुभा आहे, त्यामुळे घरातल्या भेटीसाठी कोणी दाराशी येणार नाही. नमुना विकायचा झाला तर गोष्ट वेगळी. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतात. भागवतांचे निधन २००१ मध्ये झाले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचे हक्क २०६१ अखेरपर्यंत आहेत, आणि मुखपृष्ठाच्या चित्राचा हिशेब चित्रकारानुसार स्वतंत्र. तुम्ही स्वतः आखलेली रिकामी सायकल मात्र तुमचीच आहे.

सुईदोरा

सर्वांचे मनापासून आभार. मुखपृष्ठाचा तक्ता मी काढून टाकला. काल रात्री चौकोनी कागदावर दोन्ही चाके आखली. ७, २, १, १, १, २, ७ हे आकडे पुटपुटत बसलेली पाहून घरच्यांना वाटले की मी मटक्याचा आकडा लावते आहे. दोन चाके, सांगाडा आणि शब्द धरून फुल्या सहाशेच्या आत बसत आहेत. घरातली मॅटी मोजली तर ५ इंचांत उभी ५८ आणि आडवी ५३ घरे निघाली, तेव्हा आयडा मागवले आहे. भावाच्या नावात ल आहे आणि तो पाकळ्यांचाच होईल.

शब्द रंगवून झाल्यावर कागद भिंतीला चिकटवला आणि आईला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे करून वाचायला सांगितले. तिने चष्मा न लावता ‘टॉक्’ असे वाचले, म्हणजे काना, अर्धचंद्र आणि पाय मोडलेला क पोहोचले, खालचा ट मात्र पोहोचला नाही. त्याचे पोट एका घराने उजवीकडे वाढवले आहे आणि वरच्या ट पासून एक ओळ मोकळी सोडली आहे. त्यामुळे खालची रेघ एका घराने उतरते, म्हणून क चा हलन्तही तितकाच लांबवला. आई देवळातून आली की पुन्हा उभी करते.