मदत हवी आहे: दोन मॅनेजर जपानला राहायला पाठवायचेत, कसं करावं?

नमस्कार मंडळी, रत्नागिरीत आमचं छोटं आंबा एक्स्पोर्ट युनिट आहे. जपानने 2006 मध्ये आपल्या आंब्यावरची बंदी उठवली तेव्हापासून 47.5 डिग्रीला 20 मिनिटं वाफेची ट्रीटमेंट वगैरे सगळं तोंडपाठ झालंय, माल पास होतो, पण माणसांशी बोलताना गाडी अडते. मागच्या मीटिंगला समोरचा 'केन्तो शिमास' म्हणाला, म्हणजे विचार करतो, आणि आमची पोरं होकार समजून पेटी बांधायला निघाली. तो नम्र नकार होता हे महिन्याने कळलं!

आतापर्यंत मुंबईत दोन दिवसांचं कल्चर ट्रेनिंग करून झालं (वाकायचं कसं, कार्ड दोन हातांनी द्यायचं, बस एवढंच), दोघांनीही एन5 (जपानी भाषेची सगळ्यात खालची परीक्षा) काढली. एओटीएस या जपानी ट्रेनिंग संस्थेचे कोर्सही बघितले, पण ते वर्ग आणि कंपनी भेटी, मला हवंय ते कुणाच्या तरी घरात राहून, बाजारात माल घेऊन, रोज बोलून शिकणं.

अडचणी अशा की मार्च ते मे कोणी हलू शकत नाही, गणपतीला घरी नसलं तर घरचे घरात घेणार नाहीत, म्हणजे जून मध्यापासूनचे जेमतेम दोनेक महिने. शॉर्ट टर्म व्हिसावर पगारी काम चालत नाही हे माहितीय, पगार आम्हीच देणार. एक जण माळकरी, मासे खात नाही.

ज्यांनी असं माणूस पाठवलंय त्यांनी सांगा, सहा आठवड्यांत खरंच फरक पडतो का, आणि दोघांना एकत्र ठेवावं की वेगवेगळ्या गावात?