वस्तीतलं उन्हाळी हिपहॉप शिबिर: चार आठवड्यांत काय शिकवावं, काय टाळावं?

अभ्यासिका_हडपसर:
मे महिन्यात आमच्या अभ्यासिकेतर्फे १२ ते १७ वयाच्या ३० मुलामुलींसाठी हिपहॉपचं मोफत शिबिर ठरतंय. चार आठवडे, आठवड्याला पाच दिवस. शिकवायला दोन बी-बॉय (ब्रेकिंग, म्हणजे हिपहॉपमधला जमिनीवर उतरून करायचा नाच, करणारे) आणि पॉपिंग (स्नायू झटक्याने आवळून करायचा नाच) करणारी एक ताई आहे. जागा म्हणजे समाजमंदिराचा हॉल: ३० बाय २० फूट, खाली कोटा फरशी, वर पत्रे. पालकांना शेवटी गॅदरिंगसारखा बसवलेला नाच बघायचाय. आम्हाला मात्र मुलं धीट व्हायला हवीत, चारचौघांत स्वतःचं काही मांडायला शिकायला हवीत. दोन्ही साधेल असं वेळापत्रक सुचवा.

टॉपरॉक:
आधी जागेचा हिशोब. ६०० चौरस फुटांत ३० जण म्हणजे माणशी २० चौरस फूट. उभ्याने नाचायला ठीक, पण जमिनीवरच्या फूटवर्कला पाय एकमेकांना लागणार. १५-१५ च्या दोन बॅच करा. पत्र्याखाली दहानंतर थांबवत नाही, म्हणून साडेसहा ते आठ आणि आठ ते साडेनऊ.

दीड तास असा वाटा: १५ मिनिटं वॉर्मअप, ३० मिनिटं तंत्र, २० मिनिटं सायफर (सगळ्यांनी गोल करायचा आणि आळीपाळीने मध्ये येऊन आपल्या मनाचं नाचायचं), १५ मिनिटं क्रूचं (नाचणाऱ्या गटाचं) काम, १० मिनिटं स्ट्रेचिंग. वेळ कमी पडला की शिकवणारे सायफर कापतात. तेवढं करू नका. तुम्हाला जे हवंय ते त्या वीस मिनिटांतच घडतं. बसवलेल्या नाचात मूल दुसऱ्याने ठरवलेलं पाठ करतं. सायफरमध्ये कधी शिरायचं, काय करायचं, कुठे थांबायचं, हे सगळं त्याचं त्याने ठरवायचं असतं.

सायफर बिघडतो तो एकाच प्रकारे: तीच चार मुलं पुन्हा पुन्हा आत येतात, बाकीची हाताची घडी घालून उभी. म्हणून पहिल्या आठवड्यात कुणालाच एकट्याने पाठवू नका. जोडीने जायचं, चार आठ (आठ-आठ ठोके चारदा) मोजायचे आणि बाहेर. १०० बीपीएमला (मिनिटाला १०० ठोके) एक आठ ४.८ सेकंदांचा, म्हणजे जेमतेम १९ सेकंद. नुसता बाउन्स केला तरी चालेल, हे स्पष्ट सांगा. दुसऱ्या आठवड्यापासून एकट्याने, दोन आठ. सुरुवात शिकवणाऱ्याने करावी, पण साध्या टू-स्टेपने. त्याने विंडमिल (पाठ-खांद्यांवर गरगर फिरणं) मारली की नवखी मुलं मागेच सरकतात. आणि पहिले दोन आठवडे मोबाइलवर शूटिंग पूर्ण बंद.

पहिला आठवडा बाउन्स, रॉक, टू-स्टेप, टॉपरॉक (ब्रेकिंगमधल्या उभ्याने करायच्या स्टेप). दुसरा सिक्स-स्टेप (हात जमिनीवर टेकून सहा पावलांत गोल फिरणं), बेबी फ्रीझ (हात आणि डोकं टेकून स्थिर थांबणं) आणि ताईंकडून पॉपिंगचा हिट (स्नायूंचा एक झटका). तिसऱ्यात पाच-पाच जणांचे क्रू. गाणं, नाव, क्रम त्यांनी ठरवायचा. शिकवणाऱ्याने फक्त विचारलं तर सांगायचं. चौथ्यात सराव आणि शेवटच्या दिवशी जॅम (सगळ्यांनी जमून नाचायचा कार्यक्रम). पालकांसाठी उपाय सोपा आहे: सहा क्रूंनी सहा-सहा आठ बसवायचे आणि एकामागे एक जोडायचे. तीन मिनिटांचा सलग नाच होतो, आणि त्यातली प्रत्येक स्टेप मुलांचीच असते. मग बॅटल, म्हणजे क्रूंचा आमनेसामने सामना.

फिजिओ_सातारा:
कोटा फरशी घामाने निसरडी होते आणि पडलं तर अजिबात माफ करत नाही. १२ मिलिमीटर प्लायचे ८ बाय ४ चे चार तुकडे भाड्याने मिळाले तर १६ बाय ८ फुटांचा मंच होतो. त्यावर व्हिनाइल, कडा आणि सांधे टेपने पक्के. जुना फ्लेक्स अंथरू नका, तो गोळा होऊन पायात येतो. जिममधल्या फोमच्या जोडमॅटही नकोत: पाऊल अडकतं, वरचं शरीर फिरतं आणि गुडघा पिरगळतो.

मनगटं साधारण दुसऱ्या आठवड्यात दुखू लागतात, कारण सिक्स-स्टेपचा अचानक मारा होतो. बोटं फाकलेली, भार बोटांवर आणि तळव्याच्या पुढच्या भागावर. पाय ज्या बाजूने येतोय तिकडचा हात उचलायचा. मुलं तो उचलत नाहीत, कंबर खाली पाडतात आणि सगळा भार मनगटाच्या टाचेवर घेतात. आधी गाण्याशिवाय, सहा आकडे मोजत. मग ९० बीपीएम. ११० वर घाईने जाऊ नका. जमिनीवरचं काम रोज २० मिनिटांपुरतंच.

बेबी फ्रीझमध्ये कोपर कमरेच्या हाडाजवळ रुतलं पाहिजे. ते सुटलं की भार मानेवर जातो. मल्लखांब केलेली मुलं असतील तर ती लवकर पकडतील, पण त्यांनाही विंडमिल आणि हेडस्पिन (डोक्यावर फिरणं) या शिबिरात नको. चार आठवड्यांत मान आणि खांदे तयार होत नाहीत.

दर २० मिनिटांनी पाणी. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरमध्येच, पेल्यात नाही. मुलं उपाशी येतात, तेव्हा वॉर्मअपआधी केळं द्या.

मीनल_ठाणे:
वेळ पक्की करण्याआधी वस्तीत नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारा. सकाळी सातला येत असेल तर साडेसहाच्या बॅचमधल्या मुली आठवड्याभरात बंद होतील, आणि तुम्हाला वाटेल त्यांना रस नव्हता. खिडक्यांना पडदे, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह, दोन्ही बॅचला एक तरी बाई हजर. सलवार-कुर्ता चालेल असं आधीच सांगा, ओढणी तेवढी काढून ठेवायची.

पालकांची लेखी संमती घ्या, फोटोंची वेगळी. एका मुलासोबत एकटा प्रौढ कधीही नाही. पॉक्सो कायदा (२०१२) शिकवणाऱ्यांना पहिल्या दिवसाआधी समजावून सांगा. जॅम मोकळ्यावर असेल तर स्पीकरसाठी पोलीस ठाण्याची लेखी परवानगी लागते, आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे.

अभ्यासिका_हडपसर:
पाण्याची वेळ डोक्यातच नव्हती, आजच विचारते. हिपहॉपचा इतिहास सांगावा का? कंटाळतील का?

टॉपरॉक:
पंधरा मिनिटं सांगा, क्रू पाडाल त्या दिवशी. हिपहॉपची सुरुवात मानतात ती इथली: ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचं ब्राँक्स, १५२० सेजविक अव्हेन्यू. सिंडी कॅम्पबेल या शाळकरी मुलीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून तिने इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. तिकीट मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. गाणी वाजवली तिच्या १८ वर्षांच्या भावाने, डीजे कूल हर्कने. पुढे २०२४ मध्ये ब्रेकिंग पॅरिस ऑलिंपिकपर्यंत गेलं. पॉपिंग मात्र ब्राँक्सचं नाही, कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोचं. ते ताईंना सांगू द्या.

सिंडीचं सांगून झालं की लगेच जॅमची कामं वाटा: सूत्रसंचालन, गाणी लावणं, घड्याळ, निमंत्रणं, तीन परीक्षक. ज्यांना नाचायला अजून संकोच वाटतो त्यांना कामं आधी निवडू द्या. परीक्षकांना निकष मोठ्यांनी देऊ नका. ताल, स्वतःचं काहीतरी, समोरच्याचा मान, असं काय ते त्यांनीच फळ्यावर लिहावं आणि जॅमच्या आदल्या दिवशी सगळ्या क्रूंना वाचून दाखवावं.